रक्तातला जुना हिशेब : जे. बी. एस. हाल्डेन

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात सिकलसेल हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. एएस म्हणजे वाहक आणि एसएस म्हणजे रुग्ण, हे कित्येक घरांत शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही ठाऊक असतं. शिबिरात बोट टोचून रक्त घेतात, रिपोर्ट हाती येतो, आणि मग घरात जी चर्चा सुरू होते ती विज्ञानाची नसते. ती असते दोष कोणाचा याची. आईकडून आलं की बापाकडून? कोणत्या समाजात जास्त? पोरीचं लग्न आता कसं जमायचं? १ जुलै २०२३ ला आपल्याच मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सौंसरला सोबत घेऊन पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. म्हणजे आपला जिल्हा आणि ही मोहीम एकाच वयाची.

पण एक प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे आणि तो फारसा कोणी विचारत नाही. जे जनुक लेकरांचा जीव घेतं, ते हजारो वर्षांत आपोआप संपून कसं गेलं नाही? दर पिढीत एसएस मुलं लहानपणीच जात असतील, तर त्यांच्याबरोबर ते जनुकही कमी कमी होत जायला हवं होतं. तसं झालं नाही. का झालं नाही याच्या उत्तराचा पहिला धागा ज्यांनी पकडला, ते जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा शास्त्रज्ञ भारताचा नागरिक म्हणून भुवनेश्वरला वारला. आणि आपल्यासारख्या साहित्याच्या विद्यार्थ्यांना बरं वाटेल अशी गोष्ट म्हणजे विज्ञानाची डिग्री त्यांच्याकडे कधीच नव्हती. त्यांनी ऑक्सफर्डला गणित केलं, आणि मग ग्रीक-लॅटिन साहित्य आणि तत्त्वज्ञान.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ चा, ऑक्सफर्डचा. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनाचा अभ्यास करणारे मोठे शरीरशास्त्रज्ञ. कोळशाच्या खाणीत कोणता वायू माणसाला मारतो, हे शोधायला ते स्वतः खाणीत उतरायचे. खाणीत कॅनरी पक्षी न्यायची पद्धत पडली ती त्यांच्याच सांगण्यावरून. मुलालाही ते सोबत न्यायचे. एकदा खाणीतल्या वायूने भरलेल्या एका बोळात त्यांनी मुलाला उभं केलं आणि शेक्सपिअरच्या ज्युलियस सीझर नाटकातलं मार्क अँटनीचं भाषण म्हणायला लावलं. थोड्याच ओळींनंतर पोराला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली पडला. खाली पडल्यावर मात्र श्वास नीट येऊ लागला, कारण तो वायू हवेपेक्षा हलका असतो आणि वर छताशी साचतो. हा धडा पोरगा जन्मात विसरला नाही. आणखी एक गोष्ट त्यांच्याबद्दल सांगतात. तीन-चार वर्षांचं हे पोर पडलं, कपाळातून रक्त आलं, तर रडायचं सोडून त्याने विचारलं की हे ऑक्सिहिमोग्लोबिन आहे की कार्बॉक्सिहिमोग्लोबिन. हिमोग्लोबिनशी त्यांचं नातं असं फार लवकर जुळलं.

१९०१ मध्ये वडील आठ वर्षांच्या मुलाला एका व्याख्यानाला घेऊन गेले. विषय होता मेंडेल. ऑगस्टिनियन मठात राहून वाटाण्याच्या झाडांची गणती करणारे ग्रेगर मेंडेल यांनी आनुवंशिकतेचे नियम १८६६ मध्येच छापले होते. पण जगाने त्यांची दखल घेतली ती १९०० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. हाल्डेन मोठे होऊन कट्टर नास्तिक झाले, चर्चवर टीका करत राहिले. पण त्यांचं सगळं आयुष्य ज्या गणितावर उभं राहिलं, ते गणित एका संन्याशाच्या वाफ्यात उगवलं होतं. मिशनऱ्यांनी चालवलेल्या कॉलेजात शिकताना मला ही गोष्ट लिहून ठेवावीशी वाटते. त्यात कोणाची हार-जीत नाही. ज्ञान कोणाच्या हातून कोणाच्या हातात जातं, याचा नेम नसतो एवढंच.

धाकटी बहीण नेओमी, पुढे लेखिका नेओमी मिचिसन म्हणून प्रसिद्ध झालेली. तिच्यासोबत हाल्डेन घरीच गिनीपिग आणि उंदीर पाळून प्रयोग करायचे. दोन गुण पिढ्यान्‌पिढ्या जोडीने का उतरतात, यावरचा त्यांचा लेख १९१५ मध्ये छापून आला तेव्हा ते फ्रान्समध्ये खंदकात होते. त्या लेखाचा तिसरा लेखक, त्यांचा मित्र स्प्रंट, युद्धात मारला गेला होता. हाल्डेन स्वतः दोनदा जखमी झाले. दुसऱ्यांदा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथून उपचारासाठी त्यांना भारतात पाठवलं आणि युद्धाचा उरलेला काळ ते इथेच राहिले. चाळीस वर्षांनी ते परत येणार होते, कायमचे.

युद्धानंतर केंब्रिजला जीवरसायनशास्त्र शिकवत असताना, १९२४ पासून, त्यांनी एक लेखमाला सुरू केली. डार्विनची नैसर्गिक निवड आणि मेंडेलचे नियम, हे तोवर वेगवेगळ्या घरात नांदत होते. हाल्डेन, फिशर आणि अमेरिकेतले सूअल राइट या तिघांनी गणिताच्या मदतीने त्यांना एका घरात आणलं. एखादा गुण थोडासा जरी फायद्याचा असला, तर तो किती पिढ्यांत पसरेल, हे आता आकड्यात सांगता येऊ लागलं. मँचेस्टरच्या धुराने काळवंडलेल्या झाडांवर काळे पतंग का वाढले, याचा हिशेब करून त्यांनी दाखवलं की काळ्या पतंगांची जगण्याची शक्यता पांढऱ्यांच्या जवळजवळ दीडपट असली पाहिजे. तेव्हा हा आकडा लोकांना फार मोठा वाटला. प्रत्यक्ष रानात जाऊन केलेले प्रयोग १९५० च्या दशकात झाले, आणि फरक खरोखरच तेवढा मोठा निघाला.

आता येऊ आपल्या विषयाकडे. १९४८ मध्ये स्टॉकहोमला आनुवंशशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे चर्चा होती थॅलसेमियाची. इटली, ग्रीस अशा भूमध्य समुद्राकाठच्या लोकांत हा रक्ताचा आजार इतका का? काहींचं मत होतं की त्या लोकांत हे जनुक सतत नव्याने बिघडत असावं. हाल्डेनना ते पटेना. त्यांनी वेगळीच शक्यता मांडली. ज्यांच्यात हे जनुक एकाच बाजूने आलं आहे, म्हणजे जे वाहक आहेत, त्यांच्या लहान आकाराच्या तांबड्या पेशी मलेरियाच्या जंतूला मानवत नसतील. मग जिथे मलेरिया, तिथे हे जनुक टिकून राहणारच. दोन्हीकडून आलं तर जीव घेईल, एकीकडून आलं तर जीव वाचवेल.

लक्षात घ्या, हाल्डेन बोलत होते थॅलसेमियाबद्दल, सिकलसेलबद्दल नव्हे. सिकलसेलच्या बाबतीत ते सिद्ध केलं केनियात वाढलेल्या अँथनी ॲलिसन यांनी. १९५४ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या वाहक मुलांना फाल्सिपेरम मलेरियाचा त्रास कमी होतो, आणि जिथे मलेरिया जास्त तिथेच वाहकही जास्त. पुढच्या अभ्यासांतून दिसलं की जिवावर बेतणाऱ्या मलेरियापासून वाहकाला सुमारे ९० टक्के संरक्षण मिळतं. भारतात सिकलसेल पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींत. त्यानंतर थोड्याच वर्षांत नागपूरकडच्या नोंदीही झाल्या. आपल्या सातपुड्यातल्या गोंडांत तो आहे आणि विदर्भातल्या अनेक दलित व इतर मागास समाजांतही आहे. नकाशावर ही गावं आणि जुन्या मलेरियाचा पट्टा एकमेकांवर ठेवून पाहिला, तर दोन्ही बऱ्यापैकी जुळतात. डोंगराच्या पायथ्याचे झरे, संथ ओढे, शेतातली डबकी, ही मलेरियाच्या डासाची घरं. आणि माणसाने रान तोडून एका जागी शेती मांडली, की डासाला रोजचं रक्त मिळालं.

हाल्डेन यांच्या पद्धतीने आपणही एक साधा हिशेब करून बघू. समजा एका गावात १२१ बाळं जन्मली. त्यातली १०० साधी, म्हणजे एए. २० वाहक, म्हणजे एएस. आणि १ एसएस. प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती, म्हणजे एकूण २४२. त्यात सिकलच्या प्रती २० आणि २ मिळून २२. म्हणजे अकरात एक. आता समजा मलेरियाने शंभर साध्या बाळांपैकी १० नेली, वाहकांपैकी एकही नेलं नाही, आणि ते एसएस बाळ आजाराने गेलं. उरली ११० मुलं. त्यांच्याकडे जनुकाच्या २२० प्रती, त्यात सिकलच्या २०. म्हणजे पुन्हा अकरात एक! इतकी लेकरं गेली, पण जनुकाचं प्रमाण जागच्या जागी. आता या ११० जणांची पुढची पिढी जन्मेल ती याच प्रमाणात, आणि हाच हिशेब पुन्हा होईल. हे आकडे मी समजायला सोपे म्हणून घेतले आहेत, कोणत्या खऱ्या गावाचे नाहीत. पण यंत्रणा हीच आहे. एका एसएस बाळाच्या मृत्यूच्या बदल्यात काही वाहक बाळं तापातून वाचली. निसर्गाने हा सौदा कोणाला विचारून केला नाही.

मला हा हिशेब पहिल्यांदा कळला तेव्हा आधी सुंदर वाटला, आणि मग थोडा वेळ काही सुचेना. कारण त्यातलं ते एक बाळ हा नुसता आकडा नसतो. ते रात्रभर हातापायांच्या कळांनी रडतं. ते पिवळं पडतं, त्याला रक्त चढवावं लागतं, त्याला घेऊन माणसं नागपूरला मेडिकलच्या वाऱ्या करतात. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्याची जेमतेम १० ते २० दिवस. पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसेत अडकते आणि पुढचं रक्त अडवते. आणि वाहकाला मलेरियापासून जे कवच मिळतं ते या बाळाला नाहीच, उलट त्याला मलेरिया झाला तर धोका जास्त. तेव्हा विज्ञानाने कारण सांगितलं म्हणून दुःख हलकं होतं असं नाही. पण दोषारोप हलका होऊ शकतो. हे जनुक कोणाच्या पापाचं फळ नाही, कोणत्या जातीचा कलंक नाही, सुनेने माहेराहून आणलेलं अरिष्ट नाही. आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी ज्या तापाच्या रानात दिवस काढले, त्याची ही खूण आहे. ते त्या तापातून वाचले म्हणून आपण आहोत.

१९४९ मध्ये हाल्डेन यांनी याच विषयावर एक छोटा निबंध लिहिला, रोग आणि उत्क्रांती यांच्या नात्यावर. तोवर उत्क्रांती म्हटलं की लोकांपुढे वाघ-हरिण यायचं, किंवा थंडी आणि उपासमार. हाल्डेन यांनी सांगितलं की खरा मोठा शिल्पकार डोळ्यांना दिसतच नाही, तो म्हणजे रोगजंतू. हरिण वाघापासून पळायला शिकलं तर वाघाला बदलायला फार काळ लागतो. जंतूच्या मात्र एका उन्हाळ्यात कितीतरी पिढ्या होतात. तो नेहमी बहुसंख्यांच्या कुलपाची किल्ली बनवतो. म्हणून ज्याचं कुलूप वेगळं, तो वाचतो. पण वाचलेला पुढे वाढला, बहुसंख्य झाला, की जंतू त्याची किल्ली बनवायला घेतो. या न संपणाऱ्या शर्यतीमुळेच सजीवांत इतकी विविधता टिकून असावी, हा त्यांचा विचार. एखादा रोग आपल्याला सोसवत असेल आणि शेजाऱ्याला सोसवत नसेल, तर तो हत्यारही होतो, हेही त्यांनी दाखवलं. युरोपातून गेलेल्या गोवराने दूरच्या बेटांवर काय केलं ते इतिहासात आहेच.

आपल्याकडच्या माणसाला हे संत्र्यावरून लगेच समजेल. आपल्या बागा कलमांच्या. खाली जंबेरीचा खुंट, वर संत्र्याचा डोळा. म्हणजे हजारो झाडं जवळजवळ एकाच साच्यातली. जमिनीत डिंक्याचा जंतू शिरला आणि पाणी साचलं, की एका झाडाला जे होतं ते सगळ्या ओळीला व्हायला वेळ लागत नाही. म्हणून रंगपूर लिंबासारखे वेगळे, डिंक्याला जास्त दाद न देणारे खुंट वापरा असं तज्ज्ञ सांगतात. माणसांचंही तसंच. एकाच साच्याचा कळप जंतूला सोपा पडतो.

हाल्डेन देव नव्हते, आणि त्यांच्या चुका झाकून त्यांचं चरित्र लिहिता येणार नाही. १९४२ मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात गेले. कामगारांच्या वर्तमानपत्रात त्यांनी विज्ञानावर तीनशेहून जास्त लेख लिहिले, सोप्या भाषेत, ही त्यांची मोठी कमाई. पण रशियात लिसेंको नावाच्या माणसाने सरकारच्या जोरावर खरं आनुवंशशास्त्र मोडीत काढलं. ज्यांच्या निमंत्रणावरून हाल्डेन १९२८ मध्ये रशियाला गेले होते ते वाविलोव १९४३ मध्ये तुरुंगात मेले. तरी हाल्डेन बराच काळ स्पष्ट बोलले नाहीत. पुढे पक्षापासून दूर झाले, पण तो डाग राहिला. दुसरीकडे, दुबळ्यांची नसबंदी करून वंश सुधारा म्हणणाऱ्यांचा समाचार त्यांनी १९३८ च्या पुस्तकात घेतला होता. अशी बहुतेक जनुकं निरोगी वाहकांत लपलेली असतात, त्यामुळे रुग्णांवर जबरदस्ती करून काही साधत नाही, हे त्यांनी गणिताने दाखवलं. आपल्याच गावाचा हिशेब पुढे नेऊ या. समजा मलेरिया पूर्ण गेला आणि दर पिढीत एसएस बाळ मात्र वाचत नाही. तर सिकलची प्रत अकरात एक होती ती पुढच्या पिढीत बारात एक होते, मग तेरात एक. निम्मी, म्हणजे बावीसात एक व्हायला ११ पिढ्या लागतात, पावणेतीनशे वर्षं. ताप जातो, पण त्याची खूण रक्तात मागे राहते. आणि ताप तरी कुठे सहज जातो? भारतात १९५८ ला मलेरिया निर्मूलन सुरू झालं, १९६५ पर्यंत वर्षाचे रुग्ण एक लाखापर्यंत उतरले, आणि १९७६ मध्ये पुन्हा ६४ लाखांवर गेले. डासांनी डीडीटी पचवायला शिकून घेतलं होतं. किल्ली आणि कुलूप, तीच गोष्ट.

१९५७ मध्ये हाल्डेन पत्नी हेलन स्परवे यांच्यासोबत कलकत्त्याला भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. इंग्लंडने इजिप्तवर केलेल्या सुएझच्या हल्ल्याचा राग त्यांनी उघड बोलून दाखवला होता. इथे ते कुर्ता घालू लागले, मांस सोडलं, पुढे भारताचं नागरिकत्व घेतलं. त्यांचं म्हणणं असं की भारतात महागडी यंत्रं नसतील, पण डोळे आहेत आणि बघण्यासारखं अपार आहे. म्हणून त्यांचे विद्यार्थी मोजायचे. कोणी नारळाची झाडं डावीकडे वळतात की उजवीकडे ते मोजलं. कृष्ण द्रोणमराजू यांनी घाणेरीच्या कोणत्या रंगाच्या फुलावर कोणतं फुलपाखरू बसतं ते पाहिलं. सुरेश जयकर, आडनाव आपल्या ओळखीचं, माळटिटवीच्या घरट्यांवर उन्हात नजर ठेवून बसायचे. याच जयकरांसोबत हाल्डेन यांनी १९६३ मध्ये लिहिलं की परिस्थिती कधी एका बाजूने, कधी दुसऱ्या बाजूने पालटत राहिली, तरी दोन्ही प्रकारची जनुकं टिकून राहू शकतात.

कलकत्त्यात संस्थेशी मतभेद झाले, तेव्हा १९६१ मध्ये राजीनामा देऊन ते बाहेर पडले. पुढच्या वर्षी ओडिशा सरकारच्या मदतीने भुवनेश्वरला त्यांनी प्रयोगशाळा उभारली. पण हातात दिवस कमी होते. कॅन्सर निघाला. दवाखान्यात असतानाच त्यांनी कॅन्सरवर एक विनोदी कविता लिहून छापायला दिली, अशासाठी की लोकांनी लाजून लक्षणं लपवू नयेत, लवकर डॉक्टरकडे जावं. स्वतःचा मृत्युलेखही स्वतःच बीबीसीसाठी रेकॉर्ड करून ठेवला. १ डिसेंबर १९६४ ला ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह काकीनाड्याच्या रंगराय मेडिकल कॉलेजला दिला गेला. आयुष्यभर ज्यांनी स्वतःच्या शरीरावर प्रयोग केले, ॲसिड प्यायले, पाणबुडीतली माणसं गुदमरून का मेली हे कळावं म्हणून बंद टाकीत बसले, त्यांनी शेवटचा प्रयोगही विद्यार्थ्यांच्या हाती दिला.

आज आपल्या भागात एखाद्या मुलीचा रिपोर्ट एएस आला की तो कपाटात कपड्यांखाली जातो. मग लग्न ठरतं, दोन्हीकडे एएस निघतं, आणि ते कळतं पहिलं मूल आजारी पडल्यावर. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता एसएसची असते. पहिलं मूल बरं निघालं म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही. एक वाहक आणि एक साधा असेल तर एसएस मूल होतच नाही. म्हणजे वाहक मुलीने लग्न करू नये असा याचा अर्थ नाही, दोघांनी रिपोर्ट आधी एकमेकांना दाखवावा एवढाच आहे. एसएस मुलांसाठीही आता औषधं आहेत, हायड्रॉक्सीयुरिया आहे, वेळेवर पाणी, उपचार आणि लक्ष मिळालं तर ती शिकतात, कमावतात. कपाटात लपवलेला तो कागद बाहेर काढायला कायदा किंवा मोहीम पुरत नाही. त्याला लाज सुटावी लागते. आणि हे जनुक आपल्यात का आलं, हे समजलं की ती लाज सुटायला मदत होते असं मला वाटतं.